पाणी हा शब्द उच्चारू नये

मनुष्याला सुरुवात आणि शेवट यांपैकी काहीच धड दिसत नाही; मधला भाग तेवढा त्याच्या वाट्याला येतो. हे सत्य शोधून काढायला मोठमोठ्या तपस्व्यांना हिमालयात जावं लागलं असं म्हणतात. पुंडलिकनगरच्या रहिवाशांना ते बसल्या जागी कळलं, कारण त्यांच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल हे फक्त पाण्याला ठाऊक असतं, आणि ते कुणाला सांगत नाही.

पाणी पैठणहून निघतं, इथवर सर्वांचं एकमत आहे. तिथून ते नेमकं केव्हा निघतं, वाटेत कुणाकडं थांबतं आणि पुंडलिकनगरात कोणत्या मुहूर्तावर उतरतं, याबद्दल मतभेद आहेत. पाण्याचा एक ठरलेला वार असतो. (त्या वारी पाणी येतंच असं नाही, वार मात्र नेमानं येतो.) गल्लीतले सगळे नळ जमिनीलगत खड्ड्यात आहेत, कारण पाण्याला वर चढायचा उत्साह नसतो. खाली बादली धरायला माणूस नसेल तर पाणी सरळ गटाराकडं जातं. त्यामुळं पाणी आलं की माणूस हातातलं काम टाकून धावतो, आणि त्यामुळं या भागात कोणतीही कला शेवटापर्यंत अनुभवता येत नाही. या विषयाची पाहणी कुणीही केलेली नसल्यानं तिचे आकडे वादातीत आहेत: गल्लीतल्या शंभरांपैकी ब्याण्णव प्रेक्षकांना नायक-नायिकेची गाठ कशी पडली हे सांगता येतं, त्यांचं लग्न झालं का, हे फक्त आठ जणांना. त्या आठांपैकी सहा भाडेकरू आहेत (पाणी घरमालक भरतो) आणि दोघं खोटं बोलतात.

खंडेराव ब्याण्णवांपैकी होते. पन्नाशीला टेकलेला, वाळूजच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा हा माणूस. पण त्यानं आयुष्यात एकही सिनेमा अखेरपर्यंत पाहिलेला नव्हता. लहानपणी वडील मुंजाबा मेंढरं राखायचे. सोयगाव तालुक्यातल्या जत्रांत पडदा लागायचा, पण मेंढरं पुढं निघाली की घरही निघायचं, आणि मेंढराला नायकाच्या अडचणी सांगून उपयोग नसतो. पुढं सोयगावच्या शाळेत असताना सिनेमाचा शेवट आणि गावाकडची शेवटची एस.टी. यांची वेळ एकच पडली. दोघंही कुणासाठी थांबत नसत. खंडेराव एस.टी. धरायचे, कारण ती घरी न्यायची. लग्न झाल्यावर ते पत्नी दिपालीला घेऊन ऐटीत सिनेमाला गेले. खलनायकानं नायकाच्या आईला खांबाला बांधलं, पिस्तूल काढलं, आणि खंडेरावांच्या आईचा, म्हाळसाबाईंचा फोन आला, "खंडू, नळ आले."

खांबाला बांधलेली ती बाई खंडेरावांच्या डोक्यात आजही तशीच उभी आहे. कधी कधी जेवताना तिची आठवण होते आणि घास हातातच राहतो. लोकांना हे हसण्यावारी न्यायला सोपं वाटतं. पण ज्यानं आयुष्यभर नुसते प्रश्न पाहिले आणि एकाचंही उत्तर पाहिलं नाही, त्याचा जीव किती टांगणीला लागत असेल याचा कुणी विचार केला नव्हता. मरायच्या आधी एक सिनेमा, पहिल्या पाटीपासून शेवटच्या नावापर्यंत, एका बैठकीत बघायचा, एवढीच खंडेरावांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी घरातच थिएटर करायचं ठरवलं.

जागेचा प्रश्न चुटकीसरशी सुटला. पुंडलिकनगरात देवघर नसलेलं घर एखादं सापडेल, पाण्याची खोली नसलेलं सापडणार नाही. खंडेरावांच्या पाण्याच्या खोलीला खिडकी नव्हती. सांडलेलं पाणी घरात जाऊ नये म्हणून वीतभर उंबरा होता. आत निळे ड्रम, एका कोपऱ्यात जमिनीलगत नळ आणि बारमाही गारवा. अंधार, शांतता आणि एसीविना थंडावा हे थिएटरला लागणारे सगळे गुण त्या खोलीत जन्मजात होते. आजवर ते ड्रमांवर वाया जात होते, इतकंच.

"अहो, ड्रम अंगणात ठेवले तर पाणी तापंल ना," दिपाली म्हणाली.

"तापू दे. आंघोळीला बरंय."

"आणि प्यायला?"

खंडेरावांनी दूरदृष्टीच्या माणसाकडं असते तशी नजर छताकडं लावली. दिपालीनं ड्रम अंगणात लोटत नेले. नवऱ्याला एखादी गोष्ट मनापासून हवी असली की तो छताकडं बघतो, हे तिला लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यातच समजलं होतं.

पैठण गेटच्या एका दुकानदारानं सिडकोतल्या विश्वजीत नावाच्या तरुणाचा नंबर दिला. हा आवाजाचा तज्ज्ञ. तो आला, बूट काढून रिकाम्या खोलीत शिरला, डोळे मिटले आणि प्रत्येक कोपऱ्यात उभं राहून एक एक टाळी वाजवली. (समोरच्या गीताबाईंनी आपल्या घरातून साथ दिली. आरती चालू झाली असा त्यांचा समज झाला होता.)

"काका, रूम रिकामी बोलतीये," विश्वजीत म्हणाला.

"काय म्हणतीये?"

"आवाज फिरतोय. इथं भिंतींना पॅनल लागतील. वूलचे. इम्पोर्टेड येतात, एकदम कडक." त्यानं पिशवीतून तळहाताएवढा तुकडा काढून दिला.

खंडेरावांनी तो हातात घेतला, अंगठ्यानं चोळला आणि नाकाला लावला. त्यांच्या नाकामागं पाच पिढ्यांचा अनुभव उभा होता.

"हे घोंगडं हाय," ते म्हणाले.

"नाही काका, हे मेरिनो..."

"मेंढी कोणची का आसंना. घोंगडं हाय."

घरात लोखंडी पेटीभर घोंगड्या होत्या. मुंजाबांच्या मेंढरांची लोकर, सणगराकडून विणून घेतलेली. डांबरगोळ्यांच्या वासात वर्षानुवर्षं पडून. परदेशी पॅनल मागवण्याची गरजच उरली नाही. फक्त म्हाळसाबाईंचा होकार हवा होता.

म्हाळसाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्या कायम ओट्यावरच बसतात. त्यांनी लेकाचं सगळं ऐकून घेतलं. "घोंगडी आंथरायची आसती, न्हाई तर पांघरायची. भिताडाला कुणी पांघरूण घालतं व्हय रं? भिताडाला थंडी वाजू राहिली का?"

"आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, आई."

"आवाज बाहेर जायालाच आसतो."

विश्वजीतचं शास्त्र नेमकं याच्या उलट होतं. तरी आईचं काळीज ते आईचं काळीज. म्हाळसाबाईंनी पेटीची किल्ली दिली. अट एकच घातली: मुंजाबांच्या अंगावरच्या घोंगडीला खिळा मारायचा नाही. "त्यांना टोचंल," त्या म्हणाल्या. मुंजाबांना जाऊन बारा वर्षं झाली होती, पण खंडेरावांनी वाद घातला नाही. बाकीच्या घोंगड्या खिळ्यांनी भिंतीला ठोकल्या आणि मुंजाबांची तेवढी सुतळीनं वरून सोडली. ती नेमकी नळाच्या कोपऱ्यात आली.

नळ हलवायचा तर रस्ता खोदावा लागला असता, म्हणून तो घोंगडीमागं तिथंच ठेवला होता. त्याला पाइप लावून भिंतीतल्या भोकातून अंगणातल्या खड्ड्यात सोडला. नळ अर्थातच उघडा होता. पुंडलिकनगरात नळ बंद करत नाहीत. पाणी यायच्या आधी नळातून फुस्स अशी हवा येते, आणि ती ऐकू आली नाही तर माणूस आठवडाभर पारोसा राहतो. इथं नळ बंद करणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याच्या तोंडावर कडी लावणं.

सोफ्यासारख्या मागं कलणाऱ्या दोन खुर्च्या, पडदा, छताला प्रोजेक्टर आणि चारी कोपऱ्यांत स्पीकर आल्यावर घरगुती चाचणी झाली. प्रेक्षक म्हणून शेजारचे रामप्रसाद मामा बोलावले होते. हे तलाठी म्हणून निवृत्त झालेले, आणि मत देण्याची सवय अजून न सुटलेले. सिनेमा रंगात आला असताना मामांना ठसका लागला. दिपालीनं अंधारातच हाक दिली, "अहो, पाणी आणा..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. 'आणा' आणि 'आलं' यांतला फरक ऐकण्याइतका वेळ पुंडलिकनगरात कुणाजवळ नसतो. रामप्रसाद मामा ठसक्यासकट बाहेर पळाले. उघड्या दारातून शब्द गल्लीत गेला आणि पाचव्या घरापर्यंत बादल्या वाजल्या. खंडेराव स्वतः हातात टमरेल घेऊन कोरड्या खड्ड्यापाशी उभे होते. आपण इथं कसे आलो, हे त्यांना आठवेना. नायक तिकडं नायिकेला काय म्हणाला, तेही राहून गेलं.

या अनुभवातून थिएटरची नियमावली तयार झाली आणि दारावर पाटी लागली. मोबाइल बाहेरच्या टोपलीत ठेवावा. सिनेमा संपेपर्यंत उठू नये. कुत्र्याचं, मांजराचं किंवा जावेचं नाव घेऊन ओरडू नये. (तिसरी बाब गीताबाईंसाठी होती.) आणि सर्वांत खाली, लाल रंगात, दोनदा अधोरेखित: आत 'पाणी' हा शब्द उच्चारू नये. तहान लागल्यास खूण करावी.

आता उद्घाटन. पाण्याचा वार मंगळवार, म्हणून उद्घाटन रविवारी दुपारी ठेवलं. गल्लीतल्या सगळ्या घरांना आमंत्रण गेलं. कारण एकाला वगळलं तर तो बाहेर उभा राहून हॉर्न वाजवतो. थिएटरची क्षमता आठ होती. उपस्थिती गल्लीइतकी होती. मंडपवाल्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं, माणसांच्या मांडीवर माणसं. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, रामप्रसाद मामा, त्यांचे आलेले पाहुणे. भाडेकरूही आले. गल्लीत फक्त कुलपं राहिली.

म्हाळसाबाई तेवढ्या यायला तयार नव्हत्या. "मी हितंच बसते. माझं काम हाय."

त्यांचं काम काय, हे गल्लीला ठाऊक नव्हतं. खरं तर ठाऊक होतं, पण त्याला काम म्हणतात हे सुचलं नव्हतं. पाणी आलं की म्हाळसाबाई ओट्यावरून ओरडायच्या, "पाणी आलं गं बायाऽ!" तरुणपणी त्या अजिंठ्याच्या डोंगरात एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवरच्या कुत्र्याला हाक मारायच्या, आणि कुत्रं यायचं. तो आवाज शहरात आणून ओट्यावर ठेवल्यावर गल्लीला भोंग्याची गरज पडली नाही. प्रत्येकाला वाटायचं, पाणी आलं की आपोआप ऐकू येतं.

"आई, सगळी गल्ली आत आणि तू बाहेर? लोक काय म्हणतील?" खंडेराव म्हणाले. हा प्रश्न पडला की मराठी माणसाचा अर्धा संसार हलतो. म्हाळसाबाई आत गेल्या. त्यांना पुढच्या मानाच्या खुर्चीत बसवण्यात आलं. खुर्ची मागं कलायला लागल्यावर त्यांनी "आरं, पडले!" म्हणत पाय वर घेतले आणि मांडी घातली.

सुरू होण्याआधी विश्वजीतनं शेवटची टाळी वाजवून पाहिली. नळाचा पाइप जिथून बाहेर जात होता, त्या भोकातून रस्त्यावरच्या रिक्षाचा आवाज येत होता. "साउंड लीक आहे, काका. टेन्शन नको, शो झाला की परत बसवू." त्यानं पाइप काढला आणि भोकात लोकर ठासली. दाराच्या फटीला खालून रबराची पट्टी चिकटवली. नळाचं तोंड उघडंच राहिलं. ते बंद करावं असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही.

सिनेमा परदेशी होता, पण सगळी पात्रं घरच्यासारखं हिंदी बोलत होती. डोंगरातलं एक गाव, वर भलंमोठं धरण, धरणाला तडा. नायक इंजिनिअर. त्याचं म्हणणं कुणी ऐकत नाही. (इथं रामप्रसाद मामांनी मान डोलावली.) नायकाचं एक केसाळ कुत्रं होतं. ते पडद्यावर आलं आणि म्हाळसाबाई सरसावून बसल्या. "धनगरी दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या. धरण फुटलं, गाव बुडायला लागलं, आणि कुत्रं गावातल्या उंच टाकीवर एकटं अडकलं. टाकीचे पाय डुगडुगायला लागले.

एवढ्यात डावीकडून आवाज आला: फुस्स.

"वा!" रामप्रसाद मामा म्हणाले. "बघा, धरणातली हवा निघाली. डावीकडूनच यायला पाहिजे. धरण डावीकडंच हाय."

मग खळखळ ऐकू आली. पडद्यावरच्या खळखळीत ती अशी काही मिसळली की गल्लीनं तोंडात बोटं घातली. काही वेळानं मागच्या रांगेतून गीताबाईंचा दबलेला स्वर आला, "आगं बाई, गार लागायलंय पायाला!" दुसरी म्हणाली, "मला पण." सगळ्यांनी पाय हलवून पाहिले. पडद्यावर पाणी चढत होतं आणि पायालाही चढत होतं. विज्ञान इतकं पुढं गेल्याचं गल्लीला माहीत नव्हतं.

"खंडेराव, ह्याला येगळे पैसे पडले का हो?" रामप्रसाद मामांनी विचारलं.

"पॅकेजमध्येच आलं," खंडेराव म्हणाले. त्यांची छाती दोन इंच फुगली होती. तेव्हा त्यांना खरोखर तसंच वाटत होतं, हे त्यांच्या बाजूनं नमूद केलं पाहिजे.

मग त्यांनी खाली पाहिलं. गीताबाईंची चप्पल त्यांच्या पायाजवळून सावकाश पुढं चालली होती. तिच्यामागं मक्याच्या लाह्या, एकामागं एक. मुंजाबांची घोंगडी खालून काळीभोर झाली होती. ओल्या लोकरीचा वास आला, आणि पाच पिढ्यांच्या नाकानं खंडेरावांना सगळं खरं सांगितलं. मंगळवारचं पाणी रविवारी आलं होतं. ठरल्या वाराच्या आधी पाणी येण्याची ही पहिलीच वेळ होती.

आता शहाण्या माणसानं काय करावं? उठावं, दार उघडावं, ओरडावं. पाणी अजून चालू होतं. सगळ्यांना दोन-चार बादल्या तरी मिळाल्या असत्या. खंडेरावांना हे सगळं समजत होतं. पण कुत्रं टाकीवर होतं. नायक दोरखंड घेऊन निघाला होता. सिनेमाची फक्त वीस मिनिटं उरली होती, आणि आयुष्यात ते कोणत्याही शेवटाच्या इतके जवळ आलेले नव्हते. शिवाय गल्ली खूश होती. खंडेरावांनी पाय हळूच खुर्चीवर घेतले आणि पडद्याकडं पाहिलं.

म्हाळसाबाईंच्या नाकाला तोच वास गेला होता. त्यांनी श्वास भरला, तोंड उघडलं आणि त्यांना पाटी आठवली. त्यांनी लेकाच्या कोपराला हात लावला.

"खंडू. ते आलंय."

"काय?"

"ते रं. ज्याचं नाव घ्यायचं नाय ते."

"आई, सिनेमात बोलत नसतात."

"आरं, पर ते..."

"आई. कुत्रं बघ."

म्हाळसाबाईंनी कुत्रं पाहिलं. त्याचा एक पाय टाकीवरून घसरत होता. त्या गप्प बसल्या. लेकाचं घर, लेकाचा नियम. आणि कुत्र्यात त्यांचाही जीव अडकला होता. खंडेरावांनी आईच्या हातावर हात ठेवला. किती तरी वर्षांनी ते दोघं असे शेजारी बसून एकच गोष्ट बघत होते. त्या घटकेला त्यांना जे बरं वाटलं ते खोटं नव्हतं.

नायक टाकीखाली पोचला. टाकीचे दोन पाय गेले. कुत्र्यानं मान वर केली. पाणी खाली ठेवलेल्या विजेच्या जोडबोर्डापर्यंत पोचलं, बाहेर एमसीबीचा खटका पडला, आणि सगळं काळं झालं.

कुणीही हललं नाही. घोंगड्यांच्या भिंती, रबरी पट्टीचं दार. वस्ती झाल्यापासून इतकी शांतता पुंडलिकनगरात कुणी ऐकली नव्हती. आता कुत्रं भुंकेल म्हणून सगळी गल्ली कान देऊन बसली. रामप्रसाद मामा कुजबुजले, "हा पण इफेक्ट हाय."

अंधारात म्हाळसाबाईंचा आवाज आला. "संपला का रं पिच्चर?"

खंडेरावांनी अंधारात पडद्याच्या दिशेनं एकदा पाहिलं. "संपला."

"मंग बोलू का?"

"बोल."

"पाणी आलं गं बायाऽ!"

टेकडीवरून टेकडीवर जाणारा आवाज बारा बाय सोळाच्या बंद खोलीत सुटला. विश्वजीतनं नंतर सांगितलं की त्या आवाजाचा एकही प्रतिध्वनी आला नाही, म्हणजे काम पक्कं झालं होतं. त्या वेळी मात्र तो खुर्चीखाली होता. गल्ली दाराला भिडली, उंबरा ओलांडून घरोघरच्या खड्ड्यांपाशी पोचली. रस्ता ओला होता, गटार खुशीत वाहत होतं. नळांतून शेवटचा थेंब निघाला आणि वर फुस्स झालं. पाणी येऊन, घराघरांत डोकावून, कुणी नाही असं बघून परत गेलं होतं.

"आवो म्हाळसाबाई," गीताबाई रडायच्या बेतात आल्या होत्या, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं लेकीला बघायला पाहुणे येणार होते, "तुमी का न्हाई वरडल्या?"

"पाटीवर लिवलंय ना, वरडायचं नाय म्हून."

सगळ्यांनी पाटीकडं पाहिलं. मग पाटी लावणाऱ्याकडं. खंडेरावांनी छताकडं पाहिलं. "तांत्रिक अडचण आली," ते म्हणाले. दिपालीनं त्यांच्याकडं एकदाच बघितलं, आणि ती कळशी आणायला आत गेली. पुढचे आठ दिवस तिनं त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं.

ती थिएटरच्या दारात थबकली. वीतभर उंबऱ्याच्या आत, भिंतीपासून भिंतीपर्यंत, पाणी शांत उभं होतं. गल्लीतलं त्या आठवड्याचं सगळं पाणी तेवढंच होतं. मग जे झालं ते शिस्तीत झालं. रांग लागली, लाह्यांचे डबे बुडवून बादल्या भरण्यात आल्या. गीताबाईंना आधी, मुलीचा प्रश्न म्हणून. खाली उरलं ते संपल्यावर भिंतींकडं लक्ष गेलं. घोंगड्यांनी पोटभर पाणी पिऊन घेतलं होतं. एक घोंगडी पिळायला चार माणसं लागत. दोघं इकडून, दोघं तिकडून. रामप्रसाद मामांनी दर घोंगडीला कळशी किती भरते यावर मत दिलं. पाण्याला मेंढराचा वास होता.

"चांगलं हाय," म्हाळसाबाई वास घेऊन म्हणाल्या. "आमच्या पाण्याला आसाच वास यायचा."

मुंजाबांची घोंगडी मात्र त्यांनी कुणाला पिळू दिली नाही. ती त्यांनी उचलली, तशीच जड, टपटपती, आणि ओट्यावर आपल्या शेजारी पसरली. दुसऱ्या दिवशीही ती वाळली नव्हती.

गल्लीची बैठक झाली. थिएटर बंद करा अशी सूचना येईल म्हणून खंडेराव उत्तराची तयारी करून गेले होते. तशी सूचना कुणीच मांडली नाही. ठराव एकमतानं झाला तो असा: सदर खोलीत गल्लीतल्या कोणत्याही हौदापेक्षा जास्त पाणी साठतं असं सिद्ध झाल्यानं, पाण्याच्या वारी तिथं कुणीही सिनेमा लावून पाण्याच्या कामात अडथळा आणू नये. विश्वजीतनं हे काम आपल्या जाहिरातीत 'वॉटरप्रूफ' म्हणून घातलं. आजूबाजूच्या गल्ल्यांतून तीन जणांनी त्याला बोलावलं. तिघांनाही पडदा नको होता, फक्त उंबरा आणि घोंगडी. म्हाळसाबाई ओट्यावर परतल्या. त्यांना आत बोलावायचं नाही, हा ठरावाचा दुसरा भाग होता, आणि गल्लीनं पहिल्यांदाच त्यांच्यासाठी चहा बाहेर पाठवला.

प्रोजेक्टर दुरुस्तीला गेला. त्याचा एक पार्ट यायचा आहे, असं पैठण गेटचा दुकानदार दर शनिवारी सांगतो. त्या पार्टचं घोंगडं तिकडं भिजत पडलं आहे. फोनवर बघून घ्या, असं दिपाली म्हणाली. खंडेराव नको म्हणाले. ज्यासाठी त्यांनी सगळ्या गल्लीचं पाणी जाऊ दिलं, तो शेवट वीतभर काचेवर बघायची त्यांना लाज वाटली. कुत्रं त्यांच्या डोक्यात टाकीवर उभं आहे, खांबाला बांधलेल्या बाईच्या शेजारी. संध्याकाळी ओट्यावर बसलं की म्हाळसाबाई विचारतात, "वाचलं आसंल का रं ते?" खंडेराव म्हणतात, "आसंल." मग दोघं नळाकडं कान लावून बसतात.

त्या कुत्र्याचं पुढं काय झालं, ते प्रस्तुत लेखकाला ठाऊक आहे. (तो भाडेकरू आहे.) इतका वेळ धीरानं बसलेल्या वाचकाला ते सांगणं त्याचं कर्तव्यच ठरतं. तर, टाकीचा तिसरा पाय निखळतो, नायक दोर फेकतो, कुत्रं एकदा मागं वळून बघतं, आणि...

थांबा. हा फुस्स आवाज तुमच्या बाजूनं आला. आमच्याकडचं पाणी काल येऊन गेलं. शेवट ऐकूनच उठायचं म्हणत असाल तर बसा. खंडेरावही बसले होते.